जोडीने यावे

रविवार, ८ सप्टेंबर

चि. सौ.

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. ‘सौ.’ आता लिहिता येत नाही म्हणे. खोडलं. ‘चि.’ मात्र ठेवते. चिरंजीव राहा असं म्हणायला मला कुठल्या कोर्टाची परवानगी लागत नाही.

तर चि. भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. तुमचा घटस्फोट झाला तेव्हा मी माझ्या मुलाला शब्द दिला होता. तो म्हणाला, “आई, तिला फोन नाही, मेसेज नाही.” मी म्हटलं, बरं. पत्राचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या पिढीला पत्र म्हणजे फक्त बँकेकडून येतं तेवढंच ठाऊक. मी शब्द पाळणारी बाई आहे. फोन केलेला नाही, मेसेज केलेला नाही. तुझा नवा पत्ता माहीत नाही म्हणून चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. गिऱ्हाईक समोर असेल तर नंतर वाच.

कशासाठी लिहितेय ते सरळ सांगते, ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. काल आपला नाचाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि मी सोफ्यावर एकटी होते.

पाटी-खडू काढून ठेवले होते. दोन्ही पाट्या. तुझी पाटी तुझ्या जागेवर ठेवली. मग ती घसरून खाली पडली म्हणून पुन्हा कपाटात ठेवली. माझ्या पाटीवर मी गुण लिहिले, पण दाखवू कुणाला? दुसरं माणूस “अहो आई, काय हे, किती कंजूष!” असं ओरडल्याशिवाय गुण देण्यात काही राम नाही.

तू बघतेस की नाही मला माहीत नाही. बघत नसशील तर बघायला लाग, कारण या वेळी मंडळी बरी आहेत. संध्याकाळच्या बातम्या सांगते ना, ती करड्या केसांची? ती आहे. वॉल्ट्झ अशी नाचली की जणू तिकडे पूर आलाय आणि ती जनतेला धीर देतेय. मान ताठ, खांदे कानाला टेकलेले, हसणं सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. तरी मी तिला सहा दिले. कारण तिची पावलं चुकत नाहीत. ती शिकेल. माझं मत तिलाच.

तू कुणाची बाजू घेशील तेही मला ठाऊक आहे. एक निवृत्त गोलकीपर आलाय, दरवाजाएवढा. जोडीदारणीला असा धरतो की आता चेंडू सुटला तर सामनाच गेला. तुला तोच आवडणार. तुला नेहमी धरून ठेवणारी माणसं आवडतात.

परीक्षक तेच तिघे. पहिला चष्मेवाला, दुसरी रडूबाई, तिसरा तो ज्याला सगळं ‘जादुई’ वाटतं. सूत्रसंचालक अजूनही धापा टाकणाऱ्या माणसापुढे माईक धरून “कसं वाटतंय?” विचारतो. अरे, पाणी दे त्याला. आणि कॅमेरा अजूनही ऐन वेळी पाय सोडून तोंड दाखवतो. नाचाच्या स्पर्धेत पाय दिसायचे नाहीत, म्हणजे भूमितीच्या पेपरात आकृती काढायला बंदी. मी त्यांना कडक शब्दांत पत्र लिहिणार आहे.

माझ्या चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू सैल झालाय. कोपऱ्यावर दुसरं दुकान आहे, पण तिथे जाणार नाही. काल सगळा कार्यक्रम एका हाताने चष्मा धरून पाहिला.

तुझे सासरे (हेही खोडायचं का? नाही खोडत) बरे आहेत. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले तरी सकाळी उठून नळ तपासतात.

तुझी,
(पुढे काय लिहायचं ते तू ठरवून कळव)


रविवार, २२ सप्टेंबर

चि. भिंगरी,

लखोटा मिळाला. उघडला, तर आत पत्र नाही. चष्मा पुसायचं फडकं आणि त्यात गुंडाळलेला एवढासा पेचकस, लाल मुठीचा. उलटसुलट करून पाहिलं, कुठेही एक अक्षर नाही. वर्गात असं उत्तर कुणी दिलं असतं तर मी विचारलं असतं, ‘कृती दाखवली, उत्तर कुठे आहे?’

पण स्क्रू घट्ट झाला. फडकं मी धुतलेलं नाही, त्याला तुमच्या दुकानाचा वास आहे. खोटं कशाला बोलू, ते मी दोनदा नाकाला लावलं.

आता कालचं. स्पर्धेतला विनोदी नट बाद झाला. टँगो करताना धाडकन आपटला आणि उठून म्हणतो, फरशी निसरडी आहे. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण इतकी शब्दशः घडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्याच अंगणात बातमीवाली त्याच्यानंतर नाचली आणि एकदाही घसरली नाही. तिची मान थोडी सुटलीय. सात दिले.

तुझ्या गोलकीपरचं मात्र वाईट झालं. त्याच्या जोडीदारणीचा घोटा मुरगळला. मधेच नवी जोडीदारीण द्यावी लागली. बिचारा जुन्या सवयीने डावीकडे वळायचा आणि नवी उजवीकडे उभी. पण मला लक्षात राहिली ती जुनी. ती घरी गेली नाही. पट्टी बांधलेला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून पहिल्या रांगेत बसली होती आणि त्याच्या नाचाला टाळ्या वाजवत होती. कॅमेरा तिच्यावर फक्त एकदा गेला. रडूबाई म्हणाली, “नवी सुरुवात, नवी जोडी!” मी टीव्हीला म्हटलं, अगं बाई, ती तिथेच बसलीय की.

मी उदाहरणं देत नाहीये. मास्तरीण होते, सवय आहे.

एक गंमत. तुझे सासरे कार्यक्रम बघत नाहीत. ‘उड्या’ म्हणतात त्याला. आतल्या खोलीत पेपर धरून बसतात. काल बातमीवालीचा नाच संपला आणि आतून आवाज आला, “डावा खांदा अजून वर जातो तिचा.” मी उठून पाहिलं. त्यांच्या समोरच्या कपाटाच्या काचेत आपला टीव्ही अख्खा दिसतो. म्हणजे इतकी वर्षं आपण दोघी सोफ्यावर भांडायचो तेव्हा हा माणूस काचेत सगळं बघत होता. मी गुपचूप परत सोफ्यावर येऊन बसले. तुझ्याशिवाय त्यांना पकडण्यात मजा नाही.

पेचकस परत हवा असेल तर तसं पत्राने कळव. नुसतं कागदावर ‘हवा’ लिहिलंस तरी चालेल.

तुझी,


रविवार, ६ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

पत्र आलं. पाच ओळींचं. पहिली ओळ: ‘काकूंना नमस्कार’.

मी ते पत्र टेबलावर उपडं ठेवलं आणि भांडी घासायला गेले. कामवाली घासून गेली होती, तीच पुन्हा घासली.

काकू म्हणजे शेजारची. काकू म्हणजे दुकानात रांगेत पुढे उभी असलेली कुणीही बाई, जिची पिशवी आपल्याला लागते. चांगला शब्द आहे, माझं त्याच्याशी वैर नाही, पण मी तुझी काकू नाही. मला वाईट वाटलं. वाटलं ते सांगायला हवं, नाहीतर पत्र लिहून उपयोग काय.

पुढे तू लिहिलंस, ‘तुम्ही लिहू नका असं मी म्हणत नाही, पण मी आता तुमची कोण लागते तेच मला कळत नाही. पेचकस राहू द्या. गोलकीपर हरणार नाही.’

शेवटच्या वाक्यावरून मला कळलं की तू बघतेस. तिथे मला एकदम बरं वाटलं.

आता माझं ऐक. त्या कागदांवर तू सही केलीस, माझ्या मुलाने सही केली. दोघांनी विचार करून केली, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. तुम्ही एकमेकांना छळलं नाहीत, फसवलं नाहीत. दोघं एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहायला लागलात, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. मोडलं ते ठीकच झालं. पण ते तुमचं दोघांचं मोडलं. माझी सही कुणी घेतली नाही. मला कुणी विचारायलाही आलं नाही. आणि विचारलं असतं तर मी सही केली नसती.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मी वासा नाही. मी फिरणार नाही.

आता राहता राहिला गोलकीपर. कालचा त्याचा क्विकस्टेप मी नीट पाहिला. नव्या जोडीदारणीबरोबर त्याचं बरं जमायला लागलंय, मान्य. पण तो अजून चेंडूची वाट बघत असल्यासारखा गुडघ्यात वाकतो. सात. तू आठ दिले असशील. बातमीवालीने काल पहिल्यांदा नाचताना मधेच हसून दाखवलं, तेही चुकून. तिच्या जोडीदाराच्या कोटाचं बटण तिच्या केसात अडकलं आणि ती खुदकन हसली. त्या हसण्यानंतर तिचे खांदे जे खाली आले ते वर गेलेच नाहीत. आठ! तुझ्या भाषेत सांगायचं तर मी वेडी झालेय.

कार्यक्रमवाल्यांना ते पायांबद्दलचं पत्र पाठवलं. चांगलं दोन पानी आहे.

‘काकू’ला मी उत्तर देणार नाही. दुसरा शब्द शोध.

तुझी,


गुरुवार, १७ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

बस आणि मग वाच.

कार्यक्रमवाल्यांचं उत्तर आलं. जाड कागद, वर सोनेरी बूट छापलेला. ‘आपल्या परखड मतांचं आम्हाला कौतुक वाटलं. अंतिम फेरीसाठी प्रेक्षागृहात आपल्यासाठी दोन आसनं राखून ठेवत आहोत. कृपया जोडीने यावे.’ शनिवार, नऊ नोव्हेंबर. सोबत दोन पास. पायांबद्दल चकार शब्द नाही, पण असो.

मी ‘दोन आसनं’ वाचलं तेव्हाच ठरवलं की दुसरी जागा तुझी.

पण पत्र तुझ्या सासऱ्यांच्याही हाती लागलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘जोडीने यावे’ दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणतात कसे, “तुझी एवढी इच्छा आहे तर येतो मी. मला काय त्याचं.” आणि मी तोंड उघडायच्या आत न्हाव्याकडे गेले. परत आले तर केस काळेभोर. कपाळावरही थोडा रंग. पट्टा नवा आणला. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि मागचे भाग बघायला लागले, म्हणजे तिथे गेल्यावर अडाणी दिसायला नको.

त्यांचा उत्साह बघून मला सांगायचा धीर होईना. शेवटी ते बुटांना पॉलिश करत बसले होते तेव्हा सांगितलं.

“अहो, ती दुसरी जागा तुमची नाही.”

“मग कुणाची?”

“भिंगरीची.”

एका हातात ब्रश, एका हातात बूट. मग म्हणाले, “जोडीने लिहिलंय त्यांनी. जोडीने म्हणजे नवरा-बायकोने.”

“त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. हा कार्यक्रम मी जिच्या जोडीने पाहिला तिच्याच जोडीने जाणार.”

“आणि मी? मी काय आतल्या खोलीत झोपा काढत होतो?”

“काचेत बघत होतात.”

लाल झाले गं. कानापर्यंत. काळ्या केसांखाली ते आणखीच उठून दिसलं. पुन्हा बुटावर ब्रश फिरवायला लागले. मला वाटलं आता आठवडाभर तोंड फुगवून बसणार. पण दुसरा बूट हातात घेतला आणि म्हणाले, “ती गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी वाद घालत नाही.”

“मी घालते की.”

“तू घालतेस, पण तू जिंकतेस.”

“आणि ती हरायची?”

“छे. हरल्यासारखं करायची.”

तुला ‘भिंगरी’ नाव त्यांनीच ठेवलं होतं, आठवतं ना? भिंगांच्या दुकानातली आणि एका जागी न बसणारी. ते नाव त्यांनी घरात परवा पुन्हा उच्चारलं, इतक्या दिवसांनी. मग म्हणाले, “घेऊन जा भिंगरीला. मी गाडी चालवीन. बूट घालूनच चालवीन.”

तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी जागा सोडलीय. आता तू नाही म्हणू नकोस.

तुझी,


रविवार, २७ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

आज घरात भांडण झालं. तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

माझा मुलगा जेवायला आला होता. पेन शोधायला टेबलाशी गेला आणि पेनांच्या डब्यात त्याला लाल मुठीचा पेचकस दिसला. तो ओळखणारच, तुझ्या पर्समध्ये त्याने तो रोज पाहिलेला. “हे तिच्या दुकानातलं आहे,” म्हणाला. मी म्हटलं, हो. मग पत्रांचंही सांगितलं. लपवायचं कशाला?

“तू शब्द दिला होतास, आई!”

“फोनचा आणि मेसेजचा. तो पाळलाय.”

“हा शुद्ध चावटपणा आहे,” तो म्हणाला. थोडा आहे खरा.

तो त्याच्या आनंदाची बातमी घेऊन आला होता, हे मला नंतर कळलं. त्याची एक मैत्रीण आहे, जनावरांची डॉक्टर. मनापासून आवडलीय त्याला. तुला हे माझ्या पत्रातून वाचताना कसं वाटेल याचा विचार करून दोनदा कागद बदलला, पण तुझ्यापासून लपवलेलं तुला आवडणार नाही. तिला आम्हाला भेटवायला आणायचं त्याने ठरवलंय. कधी, तर शनिवारी, नऊ नोव्हेंबरला.

मी म्हटलं, “शनिवारी मी घरी नाही. रविवारी आण. हवं ते करून घालते.”

“तिला शनिवारच जमतो. रविवारी दवाखान्यात तिची पाळी असते. आणि एका टीव्हीच्या कार्यक्रमासाठी तू मला...”

“कार्यक्रमासाठी नाही. जिच्याबरोबर जाणार आहे तिच्यासाठी.”

तेव्हा त्याने ताट सरकवलं. “आई, तू माझी आई आहेस की तिची?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हटलं, “तुझीच. आणि ते तुलाही पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तू माझ्यावर एवढ्या मोठ्याने ओरडू शकतोस. तिला माझ्याशी भांडायचासुद्धा हक्क उरला नाही. म्हणून मी तिला पत्र लिहिते.”

“आणि नवीन येईल तिला काय वाटेल? जुनीला मांडीवर घेऊन बसलीय सासू?”

“तिला वाटेल की या घरात आलेल्या माणसाला कुणी केरासारखं बाहेर लोटत नाही. खुर्च्या खूप आहेत रे आपल्याकडे.”

तो जेवण अर्धं टाकून गेला. म्हणाला, “मग राहू दे. आणतच नाही तिला.” दार आपटलं नाही, हळूच लावलं. त्याचा तो स्वभाव तुलाही माहीत आहे. आपटलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

त्याचं ताट मी तसंच झाकून ठेवलं आणि रडले. तुझे सासरे नळ तपासायच्या निमित्ताने माझ्या मागे उभे राहिले. मला मुलगा हवाय. मला त्या डॉक्टरीणबाईला भेटायचंय. पण नऊ तारखेला मी जाणार आणि तुझ्याबरोबर जाणार. एक नातं टिकवायचं म्हणून दुसऱ्याचा बळी द्या, हा हिशेब मला कुणी कितीही वेळा फळ्यावर मांडून दाखवला तरी पटणार नाही.

काल बातमीवाली आणि गोलकीपर दोघंही अंतिम फेरीत गेले. तुला एवढं तरी लिहिण्यासारखं आहे.

तुझी,


सोमवार, ४ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

‘माझ्यामुळे तुमच्या घरात भांडण नको. मी नाही येत. दुसरा पास त्यांना द्या.’

वाचलं. या वेळी ‘काकू’ नाही, काहीच नाही, एकदम पत्र सुरू. तेवढी प्रगती मी नोंदवून घेतली.

भांडण तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे आहे. ते माझं भांडण आहे, तू त्यातला वाटा मागू नकोस.

पास सोबत पाठवलाय. प्रेक्षागृहाच्या डाव्या दाराशी चार वाजता मी उभी असेन. दार बंद होईपर्यंत उभी असेन. तू आली नाहीस तर मी एकटी आत जाईन, बाजूची खुर्ची रिकामी राहील आणि कॅमेऱ्यात दिसेल. तुझ्या सासऱ्यांना तिथे बसवणार नाही, त्यांनाही तसं सांगून ठेवलंय.

तुला यावंसं वाटत नसेल, खरंच वाटत नसेल, तर येऊ नकोस. मी पुन्हा लिहून त्रास देणार नाही. पण माझ्या मुलाला काय वाटेल, जगाला काय वाटेल, म्हणून थांबणार असशील तर ते मला चालणार नाही.

स्क्रू पुन्हा सैल झालाय. मी मुद्दाम घट्ट केलेला नाही.

तुझी,


रविवार, १० नोव्हेंबर

चि. बाळ,

हे पत्र तुला. तू फोन उचलत नाहीस आणि मला अलीकडे पत्र लिहायची सवय लागलीय. बाबा हातोहात आणून देतील. त्यांच्या केसांवरून चेष्टा करू नकोस, रंग उतरतोच आहे.

काल काय झालं ते तुला सांगते. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते.

बाबांनी गाडी चालवली, पॉलिश केलेले बूट घालून. मी डाव्या दाराशी उभी राहिले. चार वाजले. रांग आत गेली. सगळे जोडीने, नटूनथटून. कानात यंत्र लावलेली एक मुलगी यादी घेऊन उभी होती. ती सारखी माझ्याकडे बघायची. शेवटी म्हणाली, “आजी, तुमची जोडी कुठे आहे? दार बंद करायचंय.” मी म्हटलं, “येतेय.” मला काही ठाऊक नव्हतं. ती येणार नाही असंच आता वाटायला लागलं होतं, आणि गाडीत बसलेले बाबा काच खाली करून बघत होते.

मग ती आली. बस लांब थांबली म्हणून पळत आली. केस सुटलेले, एका हातात पास. माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने, म्हणजे ओढणीने पुसला, पर्समधून दुसरा पेचकस काढून तिथेच उभ्या उभ्या काडी घट्ट केली आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला. मला पुन्हा दिसायला लागलं तेव्हा तिचे डोळे भरलेले दिसले.

यादीवाली घाईत होती. तिने मला सोडून तिलाच विचारलं, “या तुमच्या कोण?”

आयुष्यभर मी उत्तरं तयार ठेवली, आणि तिथे माझी पाटी कोरी. ती मला काकू म्हणेल की शेजारीण म्हणेल की ओळखीच्या म्हणेल, या भीतीने मी खाली तिच्या चपलांकडे बघत राहिले.

ती म्हणाली, “सासू.”

यादीवाली म्हणाली, “अय्या! सासूला घेऊन आलात?”

“नाही,” ती म्हणाली, “सासूने आणलं.”

बाळ, या शब्दाचे लोकांनी किती विनोद केले असतील बघ. बायका या शब्दापासून सुटका मागतात. तिला ती कायद्याने मिळाली होती, शिक्क्यासकट. आणि तिने तो शब्द स्वतःहून परत मागून घेतला, चारचौघांत, भरदिवसा. मला अजून लिहिताना भरून येतंय.

आत गेल्यावर कळलं, टीव्हीवर दिसते त्याच्या निम्मीच फरशी आहे. पण सगळे पाय दिसतात! बातमीवाली शेवटची वॉल्ट्झ नाचली, मान अशी सैल की ती तीच बाई आहे यावर विश्वास बसेना. थोडक्यात हरली. गोलकीपर जिंकला. ढाल हातात घेऊन तो आधी पहिल्या रांगेत धावत गेला, पट्टीवाल्या जुन्या जोडीदारणीकडे. नवीही त्याच्या मागोमाग गेली आणि तिघं मिळून ढाल धरून उभे राहिले. रखवालदाराने आमच्या पाट्या दारातच काढून घेतल्या होत्या, म्हणून आम्ही बोटांवर गुण दिले. तिने दहा. मी नऊ. दहा मी कुणालाच देत नाही, हे तुला दहावीपासून माहीत आहे.

बाबांनी गाडीत बसून फोनवर सगळा कार्यक्रम पाहिला आणि मत गोलकीपरला दिलं. माझ्या बातमीवालीला नाही! स्टेशनापर्यंत ते आणि ती वाद घालत होते. ती हरल्यासारखं करत होती.

उतरताना तिने तुझ्या डॉक्टरीणबाईंबद्दल विचारलं. मी म्हटलं, अजून भेटले नाही. तर म्हणाली, “मला पहिल्या दिवशी तुम्ही काटकोन त्रिकोण काढायला लावला होतात. तिला तेवढं करू नका.” आणि म्हणाली, “त्याला सांगा, मी त्याच्या वाटेत उभी नाही.” तेही तुला सांगितलं.

तुला राग येणं मला समजतं. पण मी तिला धरून ठेवलं म्हणून तुला सोडलं, असं होत नाही. मला दोन हात आहेत. डॉक्टरीणबाई आल्या की त्यांनाही मी अशीच धरणार आहे, त्यांची तयारी असो वा नसो, आणि ते त्यांना तू आत्तापासून सांगून ठेव.

त्यांची रविवारची पाळी कधी सुटते ते विचार. पुढचा शनिवार म्हणालात तर तोही चालेल, माझे शनिवार आता मोकळे आहेत. काय खायला आवडतं तेवढं आधी कळव, आणि जेवायला जोडीने यावे.

आई